खाली न ठेवलेलं घड्याळ

वाद्याच्या आकाराचं घड्याळ करायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती तबकडीची. घड्याळाला गोल, सपाट, समोरून दिसणारी जागा लागते आणि ज्यांनी वाद्यं घडवली त्यांनी माझी ही सोय अजिबात पाहिलेली नाही. सनई घ्या. रुंदी एवढीशी. तिच्यावर काटे बसवले की ते दोन्ही बाजूंनी बाहेर येतात आणि भिंतीवर सनईऐवजी पंखा लावल्यासारखं दिसतं. तुतारी दिसायला झोकदार, पण त्या वळणात मशीन कुठं बसवणार? तोंडाशी बसवलं, तर पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "हा भोंगा केवढ्याला?" मी तुतारी परत आत ठेवली ती अजून आतच आहे.

हलगीचं तसं नाही. हलगी म्हणजे आयती तबकडी. गोल कडं, ताणलेलं कातडं, मधोमध एक भोक पाडा आणि काटे लावा, झालं घड्याळ. त्यात माझी अक्कल काडीचीही लागत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त खपतं. ह्या गोष्टीचा मला इतका राग येतो की मी हलगीची घड्याळं दुकानात मागच्या फळीवर ठेवतो. लोक तिथूनही शोधून काढतात.

माझी खरी माया पेटीच्या घड्याळावर. पेटीच्या एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या असतात आणि घड्याळातही बाराच आकडे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी विंझरच्या रस्त्यावर एकटाच हसलो होतो. बारा पट्ट्या गोलात मांडल्या, पाच काळ्या, सात पांढऱ्या, आणि मला वाटलं आता लोक रांगा लावतील. एका बाईंनी बराच वेळ ते घड्याळ न्याहाळलं आणि गंभीरपणे विचारलं, "काटा काळ्या पट्टीवर आला की राहुकाळ का हो?" मी हो म्हणालो असतो तर त्यांनी घेतलंही असतं. टाळांची जोडी केली, एका टाळात तास आणि दुसऱ्यात मिनिटं. ती आईनं स्वयंपाकघरात लावून पाहिली आणि चौथ्या दिवशी मिनिटांचा टाळ काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "ह्यो ने तुजा. मला किती वाजल्यात एवढंच कळलं तरी लई झालं." संबळाचं मात्र जमलं. दोन तोंडं, दोन तबकड्या, एक इथली वेळ दाखवणारी आणि दुसरी, ज्याची लेक दुबईला दिली आहे, त्याच्यासाठी तिथली.

हे सगळं मी विंझरला एका गाळ्यात करतो. शेजारी पंक्चरवाला, पलीकडे वडापावची गाडी. शनिवार-रविवारी राजगडला निघालेली मंडळी वड्यासाठी थांबतात आणि घाणा तळून निघेपर्यंत माझ्याकडे डोकावतात, म्हणजे माझा निम्मा धंदा त्या कढईवर चालतो. उरलेला माल भोरच्या दुकानांत जातो. त्याआधी बरीच वर्षं मी पुण्याला फर्निचरच्या एका कंपनीत ड्रॉइंगं काढत होतो, कपाटांची आणि टेबलांची. कपाट काढून काढून माणूस कपाटासारखा होतो. म्हणून परत आलो.

आमचं गाव गुंजवण्याच्या अलीकडे, धरणाच्या अंगाला. घरी आई, माझी बायको आणि वडील. वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं म्हणून मीही तात्याच म्हणतो. तात्यांना माझा धंदा पहिल्यापासून पटलेला नाही. कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर ते म्हणायचे, "वाद्यं मुकी करतो आन् भिताडाला टांगतो." हे ते माझ्यासमोर म्हणायचे, मागे नाही, एवढाच त्यातला मोठेपणा.

तात्या बोलणार, कारण तात्या विणेकरी. भात झोडून झालं, कणग्या भरल्या आणि थंडी पडली की आमच्या गावात सप्ता बसतो. सात दिवस विठ्ठलाच्या देवळात नाम चालतं आणि ते अखंड चालतं. देवासमोर एक माणूस गळ्यात वीणा घालून, हातात चिपळ्या घेऊन उभा असतो. ती वीणा पहिल्या दिवशी गळ्यात चढली की शेवटच्या काल्याच्या कीर्तनापर्यंत भुईला टेकत नाही, खुंटीलाही लागत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ह्या पाळीला पहारा म्हणतात. थंडीतला पहाटेचा पहारा कोणी हौसेनं घेत नाही. तो तात्यांचा होता, मला कळायला लागल्यापासून. पहाटे गार पाण्यानं आंघोळ करून, कानाला मफलर गुंडाळून ते निघायचे, आणि थोड्या वेळानं देवळाच्या भोंग्यावरून त्यांच्या चिपळ्या ऐकू यायच्या. गावातल्या बायका त्या आवाजावर चुली पेटवायच्या.

मागच्या सप्त्यात त्यांना उभ्या उभ्या चक्कर आली. गुडघे वाकले आणि वीणेचा भोपळा फरशीपासून चार बोटांवर आला. शेजारी उभ्या असलेल्यांनी झेप घालून आधी वीणा धरली, मग तात्यांना धरलं. हा क्रम तात्यांना पूर्ण मान्य होता. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "टेकली का?" टेकली नव्हती. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि तात्या वर्षभर हिंडते-फिरते झाले.

ह्या वर्षी सप्ता जवळ आला तेव्हा बुवा घरी आले. बुवा म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे म्होरके. पहारे कोणी कधी करायचे हे तेच लावतात. माणूस भला, पण कडू गोष्ट सांगायची झाली की फार गोड बोलतो. ते त्या दिवशी इतके गोड बोलायला लागले की मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तात्या, औंदा पहाटंचा पहारा तरण्या पोरास्नी देऊ म्हणतो. तुमी आपलं खुर्चीत बसून ऐका. लई केलं तुमी."

तात्या म्हणाले, "बरं."

ज्यांनी तात्यांना ओळखलं आहे त्यांना कळेल की हे किती वाईट झालं. आमचे तात्या कशालाच नुसतं बरं म्हणत नाहीत. चहात साखर घालू का म्हटलं तरी ते दोन वाक्यं बोलतात.

बुवांनाही ते जाणवलं असावं, कारण विषय बदलायचा म्हणून ते माझ्याकडे वळले आणि त्याच चहात मला म्हणाले की देवळातलं घड्याळ बंद पडलंय. देवापुढे मोबाईल काढायला बंदी, त्यामुळे पहारा बदलताना दरवर्षी तक्रारी, माझा लवकर लागला, त्याचा उशिरा सुटला. "तुजी ती वाद्यांची घड्याळं अस्त्यात नव्हं? आमास्नी वीणेचं कर. सप्त्याच्या पैल्या दिवशी लावू." म्हणजे बापाची वीणा काढून घेतली आणि लेकाला वीणा करायला सांगितली. मी हो म्हणालो, कारण देवळाला नाही म्हणता येत नाही. तात्यांनी कप खाली ठेवला आणि ते गोठ्यात गेले.

रात्री जेवताना त्यांनी आईला सांगितलं, "औंदा म्या देवळात यायचा न्हाई."  मला फार वाईट वाटलं. सप्त्याचे ते दिवस सोडले तर तात्या वर्षभर आमच्यासारखेच एक शेतकरी, भाताला युरिया मिळाला नाही म्हणून चिडणारे. पण त्या पहाटे सगळं गाव त्यांच्या आवाजानं उठायचं. तेच काढून घेतल्यावर उरतं काय, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही आणि आम्हालाही विचारायचा धीर झाला नाही.

वीणेचा नमुना मी मुद्दाम घरीच, अंगणात काढायला घेतला. पुठ्ठ्यावर आकार आखायचा, कापायचा, भिंतीला टेकवून लांबून बघायचं. खाली भोपळा, त्यातून वर गेलेली लांब दांडी, वर खुंट्या. ह्यात तबकडीला हक्काची जागा होती, भोपळ्याच्या पुढच्या बाजूला, त्यामुळे मी खुशीत होतो. देवळाच्या जुन्या गिलाव्यात जाडजूड खिळा धरत नाही, म्हणून वजन होईल तितकं कमी ठेवायचं ठरवलं. भोपळा कागदाच्या लगद्याचा, मडक्यावर थापून वाळवलेला, आणि दांडी पातळ प्लायवूडची, आतून पोकळ. तात्या खाटेवर पाठ करून पडलेले असायचे. पाठ केलेला माणूसही बघत असतो हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाठीकडूनच आवाज आला, "मान आखूड झाली."

मी मान लांब केली. थोड्या वेळानं, "भोपळा हाय का कलिंगड?" मी भोपळा कमी केला. एरवी माझ्या ड्रॉइंगला कोणी बोट लावलं की माझं डोकं फिरतं, पुण्याच्या कंपनीत मी ह्यावरून साहेबाशी भांडलेलो आहे. पण इथे मी कलिंगडाचं निमूटपणे लिंबू करायलाही तयार होतो, कारण तात्या बोलत होते. भोपळा वाळला, दांडी बसली, मी पॉलिश मारलं आणि सगळं मनासारखं झाल्यावर ते खाटेवरून उठून जवळ आले. उलटसुलट करून बघितलं.

"तार कुठाय?"

"तात्या, घड्याळ आहे ते. त्याला तार कशाला?"

"मग वीणा म्हनू नगंस. पळी म्हन."

 लांब दांडी आणि खाली गोल वाटी, खरंच पळी दिसत होती. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. मी भोरला जाऊन तार आणली. तार ताणली तर माझी पोकळ दांडी धनुष्यासारखी वाकली. मग मी दांडीच्या पोटात लोखंडी पट्टी सरकवली आणि "बघा, तुमच्या तारेपायी" असं चार वेळा म्हणून घेतलं. तात्यांनी लक्ष दिलं नाही. ते तारेखालची घोडी पुढं-मागं सरकवत, खुंटी पिळत, भोपळ्याला कान लावून बसले होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी तारेतून असा काही सूर काढला की आई हातातलं पीठ तसंच ठेवून दारात आली. कागदाचा लगदा इतका गोड बोलेल असं मला वाटलं नव्हतं. हे मी कबूल करतो, तोंडावर मात्र केलं नाही.

"पर ह्येच्या पोटात किडा हाय," तात्या म्हणाले.

किडा म्हणजे घड्याळाची टिकटिक. नामात टिकटिक चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी आतलं मशीन काढून दुसरं बसवलं, ज्याचा सेकंदकाटा टकटक न करता सरकत जातो. जन्मभर वाद्यं मुकी करतो म्हणून मला बोलणाऱ्या माणसानं शेवटी माझ्याकडून घड्याळ मुकं करून घेतलं. त्या रात्री ते आईशी नेहमीसारखे भांडले आणि मला जरा हायसं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी सप्त्याची पूजा होती आणि तात्या काही आले नाहीत. घड्याळ चादरीत गुंडाळून मी एकटाच देवळात गेलो.

देवासमोर पाट मांडून त्यावर वीणा, पखवाज, टाळ आणि पोथी ठेवली होती. शिडी यायला वेळ होता म्हणून बुवा म्हणाले, "ठेव हितंच कडंला." मी वीणेशेजारी माझी वीणा ठेवली. इथं सगळा घोटाळा झाला. पूजा सुरू झाली आणि गुरवानं ओळीनं गंध लावत नेलं, बुक्का लावत नेला, हार घालत नेले. ओळीत जे होतं त्या सगळ्याला. मग बुवांनी वाद्यांना नमस्कार करून सवयीनं दोन्ही वीणांच्या तारांवरून बोट फिरवलं आणि माझं घड्याळ खणखणीत वाजलं. सगळ्यांनी हात जोडले. माझी छाती भरून आली. खरी वीणा पहिल्या पहारेकऱ्याच्या गळ्यात गेली, नाम सुरू झालं, आणि मी माझी वीणा उचलून शिडीवर चढलो.

"आरं आरं, काय करतुयास?" पुढं बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी ओरडल्या. "पूजा झाल्याली वीणा खुटीला लावतूस व्हय?"

"आजी, घड्याळ आहे ते."

"तार वाजली का न्हाई?"

"वाजली."

"बुक्का लागला का न्हाई?"

"लागला."

"मग?"

 मी शिडीच्या मधल्या पायरीवर तसाच उभा. खाली दोन तट पडले. एक म्हणाला, आत सेल आहे, सेल घातलेली कधी वीणा असते का? त्यावर आजी म्हणाल्या, "माझ्या भावाच्या छातीत सेलावरचं मशीन बशिवलंय. त्यो मानूस न्हाई व्हय मग?" कोणी म्हणालं वीणेला काटे नसतात. कोणी म्हणालं देवाला काटे दिसत नाहीत, सूर ऐकू येतो. मी वरून सांगत होतो की मी बनवलंय, मला विचारा, आणि मला कोणीही विचारत नव्हतं.

बुवांनी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाले, "घड्याळ गळ्यात घातलं तर फार तर लोक हासत्याल. पर पूजा झाल्याली वीणा ठिवली आसं सप्त्याला लागायला नगं. काल्यापातूर ही बी गळ्यातच ऱ्हाईल."

असा निकाल लागला, पखवाजाचा जादा पट्टा माझ्या घड्याळाला बांधला गेला, आणि आमच्या गावाच्या सप्त्यात ह्या वर्षी दोन वीणा उभ्या राहिल्या. एक खरी आणि एक वेळ दाखवणारी. दोन वीणा म्हणजे पहाऱ्याला दुप्पट माणसं. निम्मं गाव पुण्याला नोकरीला, उरलेले आधीच पहाऱ्यात. मग ज्यांची नावं वयामुळे कमी केली होती तेच आठवले. बुवांनी मला बाजूला घेतलं. "तात्यांना सांग, हलकी हाय. पहाटंची त्यांनी घ्यावी."

मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेलो. वाटलं, सुटलं सगळं. तात्यांना आता पहारा मिळतोय, पहाटेचाच, आणि तोही त्यांनी सूर लावलेल्या वीणेचा. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरी काढून घेतली आन् खेळनं दिलं व्हय? त्ये गळ्यात घालून देवाफुडं उभा ऱ्हाऊ म्या? नाटकातल्या नारदावानी?"

मला ते दोन्हीकडून लागलं. त्यांच्यासाठी लागलं आणि घड्याळासाठीही. मी म्हणालो, "खेळणं होतं तर तिला सूर कोणी लावला?" तात्या भिंतीकडे तोंड करून झोपले. मी देवळात जाऊन बुवांना सांगितलं की ते येत नाहीत. बुवा म्हणाले, "मग तूच ये. ज्यानं आणली त्यानं उभं ऱ्हावं."

मी आयुष्यात कधी पहाऱ्याला उभा राहिलेलो नव्हतो. पहाटे स्वेटरवर स्वेटर घालून गेलो. माझ्याआधी डेअरीवाला उभा होता, माझ्याहून वयानं मोठा. पहारा देता-घेता एक रीत असते. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या. तिथं वय, जात, नातं काही बघत नाहीत, वीणा ज्याच्या गळ्यात तो देवाच्या जागी. तो माझ्या पाया पडला तेव्हा मला कसंनुसं झालं. मग पट्टा माझ्या गळ्यात आला. ह्या वीणेची रेघ न् रेघ मी स्वतः आखलेली, पण तिला गळ्यात घातल्यावर कोपर कुठं ठेवायचं ते मला कळेना. एका हातानं तार छेडायची, दुसऱ्यानं चिपळ्या. तार जमली. चिपळ्या मात्र कधी नामाच्या आधी पडत, कधी नंतर. समोर माईक होता.

आणखी एक गंमत माझ्या लक्षात आली. तबकडी बाहेर तोंड करून, माझ्या पोटावर. वेळ सगळ्या देवळाला दिसते, फक्त मला नाही. काकड्याला आलेली माणसं आधी विठ्ठलाकडे बघत, हात जोडत, मग माझ्या पोटाकडे बघत आणि लगबगीनं निघून जात. डिझाइन करताना हा विचार मी केलेलाच नव्हता. तिला कोणी कधी गळ्यात घालेल असं मला थोडंच वाटलं होतं.

घरी काय झालं ते आईनं मला नंतर सांगितलं. तात्या अंथरुणात जागेच होते. भोंग्यावरून माझ्या चिपळ्या ऐकू आल्या तसे ते ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाले. मग उठून बसले. "कोन हाय ह्यो? एक हात जाग्यावर न्हाई." आई म्हणाली, "तुमचाच हाय." त्यांनी मफलर गुंडाळला, गार पाण्यानं पाय धुतले आणि निघाले.

मी त्यांना पाहिलं तेव्हा ते दाराजवळच्या खांबाला टेकून उभे होते. देवाला हात जोडून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघत आपल्या मांडीवर हात मारायला सुरुवात केली, सावकाश, एकसारखा. मी त्या हाताकडे बघून चिपळ्या वाजवायला लागलो. थोड्या वेळानं त्या जमल्या. तात्यांनी मान हलवली नाही, पण हात थांबवला, म्हणजे जमल्या.

पहारा बदलायची वेळ झाली असावी, कारण माझ्या शेजारी खरी वीणा घेऊन उभ्या असलेल्या तरुणाचा बदली आला, पाया पडला आणि वीणा घेऊन उभा राहिला. माझा बदली आला नाही. त्याच्या गोठ्यात म्हैस व्यायला आली होती, हे नंतर कळलं. लोकांना काही वाटलं नाही. येईल सावकाश, हे काय घड्याळच आहे. मला काही दिसत नव्हतं म्हणून मी नाम घेत उभाच होतो. खांदा भरून आला होता.

तात्यांना मात्र दिसत होतं. ते माझ्या पोटावरचा काटा बघत होते. तो वेळेवर आला, वेळ ओलांडून पुढं सरकला, आणि पहारेकऱ्याची सुटका करायला कोणी आलं नाही. असं त्यांच्या हयातीत झालेलं नव्हतं. वीणा खरी की खोटी हा प्रश्न त्या काट्यापुढे मागं पडला असणार. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि ते चालत माझ्यासमोर आले. मला वाटलं चिपळ्यांवरून बोलणार, म्हणून मी आधीच मान खाली घातली.

आणि तात्या वाकले. त्यांनी माझ्या दोन्ही पावलांवर कपाळ टेकवलं.

रीत मला माहीत होती. तरी माझा बाप माझ्या पाया पडतोय हे मला सहन होईना, मी चटकन मागं सरकायला गेलो. त्यांनी माझे घोटे घट्ट धरले. खालूनच म्हणाले, "हलू नगंस. वीणा हाय गळ्यात."

वीणा म्हणाले. मी हललो नाही. बुवा कुठून तरी लगबगीनं आले आणि तात्यांच्या पाठीशी उभे राहिले, दोन्ही हात तयार ठेवून. तात्या सावकाश उठले. माझ्या गळ्यातला पट्टा त्यांनी स्वतः काढून आपल्या गळ्यात घातला, भोपळा कमरेशी बसवला, कोपर जिथं जायला हवं तिथं आपोआप गेलं. मग माझी पाळी. मी त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. गार पाण्यानं धुतलेले ते पाय अजून गारच होते. रीत म्हणून जेवढं वाकायचं तेवढं झालं होतं, पण मला रडू येत होतं आणि इतक्या लोकांसमोर ते तोंड वर करायचं नव्हतं, म्हणून मी तसाच राहिलो.

"ऊठ आता," तात्या हळूच म्हणाले. "तू फुडं हायस, लोकास्नी वेळ दिसंना झालीया."

मी उठून बाजूला झालो. तात्यांनी डोळे मिटले, तार छेडली, आणि पहिलीच चिपळी जागच्या जागी पडली.